मामाजी सही करत नाहीत

माझ्या आईच्या मामांइतका हेकट माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगते. कुणाला शंका असेल तर त्याने खुशाल डोणगावला यावं, एसटी स्टँडवर 'मामाजी कुठं राहतात' एवढंच विचारावं, आणि लोक दाखवतील त्या ओट्यावर जाऊन त्या गृहस्थांकडून एका कागदावर एक सही घेऊन दाखवावी. मी ती घेऊन दाखवली आहे. पण त्यापायी माझे अकरा दिवस गेले, घरात अबोला झाला, बुलढाण्याच्या एका कार्यालयात भर दुपारी माझी शोभा झाली, आणि मला इतका संताप आला की तो आज दोन वर्षांनी, समुद्रापलीकडे बसूनही, पुरता उतरलेला नाही. नात्याने ते माझे आजोबा लागतात. पण आई त्यांना मामाजी म्हणते म्हणून मीही मामाजीच म्हणते, आणि बाजारात तर त्यांच्याहून वयाने मोठे असलेले म्हातारेसुद्धा त्यांना मामाजी म्हणतात.

मामाजी बैलांचे दलाल. मेहकरपासून खामगाव-नांदुऱ्यापर्यंत जिथे म्हणून बैलबाजार भरायचा तिथे त्यांनी चाळीस वर्षं धूळ खाल्ली. ज्यांनी असा बाजार पाहिलेला नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणाऱ्याचा दलाल आणि विकणाऱ्याचा दलाल समोरासमोर उभे राहतात, हातावर दुपट्टा टाकतात (आमच्याकडे पुरुषांच्या खांद्यावर असतो तो, बायकांची ओढणी नव्हे) आणि त्या दुपट्ट्याच्या आड एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, की अख्खा पंजाच धरला, त्यावरून आकडा ठरतो. पटला नाही तर हात झटकायचा, पटला तर घट्ट दाबायचा. भोवती पन्नास बघे माना लांब करून उभे असतात, पण त्यांना दिसतं ते फक्त हलणारं कापड. मामाजींच्या समोर चाळीस वर्षं बहुतेक वेळा एकच हात असायचा, तो त्यांच्या जोडीदार चाचांचा. एकाने विकणाऱ्याच्या बाजूने उभं राहायचं, दुसऱ्याने घेणाऱ्याच्या, दिवसभर एकमेकांचे हात झटकायचे आणि संध्याकाळी एकाच बैलगाडीतून, पुढे एकाच मोटरसायकलवरून, गावात परत यायचं, असा त्या दोघांचा संसार होता.

हे बाजारापुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण मामाजींनी ते घरात आणलं. जेवायला बसले की आणखी किती भाकरी हव्यात हे ते कधी तोंडाने सांगत नाहीत. सून वाढायला आली की ते दुपट्टा पुढे करतात, ती बिचारी पदर सावरून आत हात घालते, आणि आत काय ठरतं ते त्या दोघांनाच ठाऊक. आपण किती भाकरी खातो हे शेजारच्याला कळता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "मामाजी, किती दिवसांपासून दुखतंय?" तर यांनी त्यांचा हात ओढून दुपट्ट्याखाली घेतला. डॉक्टर शहाणे, त्यांनी बोटं मोजली आणि तेवढ्या दिवसांच्या गोळ्या दिल्या. मला लहानपणी पाढे शिकवायचं काम आईने त्यांच्याकडे दिलं होतं. शाळेत बाईंनी "बारा चोक?" विचारल्यावर मी उठून बाईंचा हात धरला आणि छडी खाल्ली. त्या छडीचा जाब मागायला मामाजी शाळेत गेले नाहीत. "बरोबर आकडा दाबला होता ना?" एवढंच त्यांनी मला विचारलं.

बोलण्यावर त्यांचा विश्वास नाही. आणि हे ते तासन् तास बोलून सांगतात. "बोलनं म्हनजे काय वं पोरी, नुसती हवा. तोंडातून निंगाली का गेली. हातात हात असला का मानूस खोटं बोलू शकत नाई. बोट कापते त्याचं." हे ऐकायला ओट्यावर रोज चार-दोन माणसं जमतात आणि मामाजी मुक्याने राहण्याचे फायदे अंधार पडेस्तोवर समजावून सांगतात.

माणूस पारखायचीही त्यांची रीत तीच, गोठ्यातली. माझ्या मावसबहिणीला पाहायला एक मुलगा आला. चांगला शिकलेला, अकोल्याला नोकरीला. सगळ्यांनी त्याला नोकरीचं विचारलं, घराचं विचारलं. मामाजी म्हणाले, "थे राहू द्या. जरा त्या कडुनिंबापर्यंत जाऊन या." मुलाला वाटलं काही आणायचं आहे. तो गेला, तिथे घुटमळला, परत आला. मामाजींनी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग तो हसला तेव्हा दातांकडे पाहिलं, आणि आईच्या कानात म्हणाले, "चाल चांगली हाय. ओढीन. पन बुजरा हाय, पोरीनं ओरडू नये." आमची नुसती शरमेने मान खाली गेली. चीड याची येते की त्यांचं खरं निघालं. तो मुलगा आजही सगळ्या घराचं ओझं ओढतो आणि बहिणीने आवाज चढवला की दोन दिवस जेवत नाही.

त्यांची खरी मिजास मात्र त्यांच्या शब्दाची. बाजारात बैल विकताना दलाल सात दिवसांची हमी देतो. सात दिवसांत बैल औताला चालला नाही, लंगडला, मारका निघाला, तर परत. कागद नाही, सही नाही, नुसती जबान. एकदा त्यांनी हमी दिलेला एक धिप्पाड बैल तिसऱ्या दिवशी नांगराच्या तासातच बसला आणि काही केल्या उठेना. घेणाऱ्याची तक्रार यायच्या आधी मामाजींना कुणीतरी बातमी दिली. ते पायी निघाले, शेतकऱ्याला स्वतःच्या गोठ्यातला बैल दिला आणि तो बसका बैल हाकत घरी घेऊन आले. तो पुढे अनेक वर्षं मामाजींच्या दारात आयता बसून कडबा खात होता. गावाने त्याचं नाव साहेब ठेवलं. मामी वैतागून म्हणायची, "याले विकून टाका कोनाले." मामाजी म्हणायचे, "कोनत्या तोंडानं?" साहेब म्हातारा होऊन मेला तेव्हा मामाजींनी त्याला बांधावर पुरलं आणि वर एक झाड लावलं.

आता माझं ऐका. मी पुण्यात जपानी शिकत होते. जपानीच का, असं सगळे विचारतात. माझं वऱ्हाडी वळणाचं मराठी ऐकून खुसुखुसु हसणाऱ्या मुलींना माझं जपानी ऐकून हसता येत नसे, हे त्या भाषेवर माझं प्रेम बसायचं पहिलं कारण. पुढे ते प्रेम खरंच बसलं. मी वर्गात पहिली आले, आणि आमच्या बाईंनी मला परदेशी जाऊन भाषा शिकण्याच्या एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला लावला. दोन वर्षं जपानात शिकायचं, जपानी आणि सोबत कोरियन, सगळा खर्च शिष्यवृत्तीचा. माझ्या वडिलांचं डोणगावात कपडे शिवायचं छोटं दुकान आहे, तेही भाड्याचं. ही शिष्यवृत्ती गेली तर दुसरी वाट नव्हती. मी मुलाखत दिली, परीक्षा दिली, निवड झाली. आईने शेजारी पेढे वाटले. मग आली कागदांची यादी. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मी आहे याचा दाखला आणि ती मीच आहे याचा दाखला. हे सगळे मी मेहकरला तहसिलात रांगा लावून गोळा केले. माणूस चंद्रावर जाऊन येईल पण त्याला एका दाखल्यावरच्या नावातली वेलांटी दुरुस्त करून मिळणार नाही, हे मला त्या महिन्यात कळलं. तरी मी हूं की चूं केलं नाही. कारण सगळ्यात शेवटचा कागद मला सगळ्यात सोपा वाटत होता. तो म्हणजे हमीपत्र, आणि त्यावर दोन जामीनदारांच्या सह्या. दोघांच्या नावावर जमीन हवी एवढीच अट. वडिलांच्या नावावर गुंठाभरही नव्हती. चाचांची पाच एकर होती, मामाजींची आठ.

चाचांकडे मी कागद घेऊन गेले तेव्हा ते दाढी करून घेत होते. तोंडाला फेस तसाच ठेवून त्यांनी पेन मागितलं आणि उजवीकडून डावीकडे अशी झोकदार उर्दू सही ठोकून दिली. "जा बेटी, नाम कर," म्हणाले. अर्धं मिनिट लागलं नसेल. तिथून मी उड्या मारत मामाजींच्या ओट्यावर गेले. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, उजेडात धरला आणि मला परत दिला.

"म्या सही करत नाई."

मला वाटलं चेष्टा करतात. "मामाजी, इथे, या रेघेवर फक्त."

"म्या आजपावतर कोनत्याच कागदावर केली नाई. ज्याले शब्द मोडायचा राह्यते थो सही करते. मी जबान देतो. कुठी द्यायची सांग."

झालं. पुढचे अकरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. वडील जाऊन विनवून आले. सरपंच येऊन गेले. आईने मामांशी अबोला धरला, तर मामाजी उलट खूश झाले, "आता कुठं ह्या पोरीले अक्कल आली," म्हणाले. मी ओट्यावर जाऊन रडले, भांडले, एक दिवस जेवले नाही. त्यांनी मला शेंगदाण्याचा लाडू आणून दिला आणि परत तेच, "जबान देतो, माय. जबानीले काय झालं?" आठ एकर जमिनीचा मालक, बँकेत खातं असलेला, सातबारा नावावर असलेला हा माणूस आयुष्यात एकाही कागदावर सही न करता इथवर आलाच कसा, याचा मी शोध घेतला. कळलं की बँकेचं खातं मामीच्या नावावर होतं आणि बाकी सगळीकडे त्यांनी अंगठा दिला होता. चांगलं सातवीपर्यंत शिकलेला माणूस! "अंगठा म्हनजे हातच की," म्हणे. मी म्हटलं, मग इथेही अंगठा द्या. तर हमीपत्रावर छापलेलं होतं, साक्षर जामीनदाराने सही करावी, आणि मामाजी निरक्षर आहेत असं खोटं लिहून द्यायला मामाजीच तयार नव्हते. यापुढे माणसाने काय करावं?

शेवटच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी संध्याकाळी पावणेसहापर्यंत कागद पोचायला हवे होते त्या दिवशी, मामाजी सकाळीच धोतर नेसून, कोरा दुपट्टा खांद्यावर टाकून दारात उभे राहिले. "चाल. मी साहेबाले भेटतो. समोरासमोर सांगतो." चाचाही सोबत. मेहकर, चिखली, बुलढाणा अशा एसट्या बदलत आम्ही दुपारी शिष्यवृत्तीच्या कार्यालयात पोचलो. खिडकीपाशी एक तरुण कारकून बसला होता. नवा लागलेला, टेबल स्वच्छ, बोलणं अदबीचं. मी फाइल पुढे केली आणि म्हटलं, एका जामीनदारांना थोडी शंका आहे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मामाजी पुढे झाले, टेबलावर वाकले, हातावर दुपट्टा टाकला आणि म्हणाले, "साहेब, हात आत घाला."

तो पोरगा वीज बसल्यासारखा उठला. खुर्ची मागे पडली. "ओ बाबा! काय करून राह्यले तुमी? मी तसला मानूस नाई! तिकडं कॅमेरा हाय, पाहा!" सगळं कार्यालय उठून उभं राहिलं. शिपाई धावत आला. रांगेतल्या बायका माना लांब करून दुपट्ट्याकडे पाहू लागल्या. मला वाटलं, जमीन दुभंगावी. मामाजींना आधी काही कळेचना. "तसला म्हनजे कसला?" आणि कळलं तेव्हा त्यांचा जो पारा चढला तो विचारू नका. "मले लाच देनारा म्हनतं बे? म्या चाळीस वर्सं बाजार केला, कोनाले कामासाठी चहा पाजला नाई!" तो म्हणे मीही कधी कुणाचा प्यालो नाही. दोन प्रामाणिक माणसं एकमेकांवर इतकं ओरडताना मी आधी पाहिली नव्हती. शेवटी चाचा मध्ये पडले. "साब, गुस्सा मत करो. पैसा नहीं दे रहे. जबान दे रहे."

कारकून थांबला. त्याने मामाजींकडे, दुपट्ट्याकडे, परत मामाजींकडे पाहिलं. "कुठले तुमी?"

"डोणगाव."

"बैलवाले मामाजी?" त्याचा आवाज एकदम खाली आला. तो पिंपळगाव राजाचा निघाला. त्याच्या वडिलांनी खामगावच्या बाजारात मामाजींच्या शब्दावर एक जोडी घेतली होती आणि त्या जोडीच्या कमाईवर पोराची फी भरली होती. त्याने पडलेली खुर्ची सरळ केली, बाह्या वर सारल्या आणि सगळ्यांदेखत स्वतःहून दुपट्ट्याखाली हात घातला. मामाजींनी त्याचा पंजा दाबला. मग पोरगा म्हणाला, "मामाजी, मले पटलं. शंभर टक्के पटलं. पन हे मी फायलीत कसं लावू?"

मामाजींनी टेबलावरचा कागद त्याच्यापुढे सरकवला. ते म्हणाले, "बरं, मंग वाच मोठ्यानं. काय लिवलं हाय त्याच्यात?" पोराने अख्खं हमीपत्र शांतपणे वाचून दाखवलं. विद्यार्थिनी मन लावून शिकेल. मामाजी म्हणाले, हाव. गैरवर्तन करणार नाही. हाव. शिक्षण संपताच ती भारतात परत येईल, न आल्यास सर्व खर्च जामीनदारांच्या मालमत्तेतून वसूल केला जाईल. मामाजींनी मान हलवली नाही. त्यांनी दुपट्टा उचलला, खांद्यावर टाकला आणि सरळ बाहेर चालते झाले.

बाहेर एका झाडाखाली बाक होता. घड्याळात साडेचार वाजले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि अकरा दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर काढलं. म्हटलं, तुम्हाला जमिनीची भीती वाटते, सरळ सांगा. मुलगी पुढे जाते ते बघवत नाही, सरळ सांगा. तुमचा तो साहेब बैल बसला तसे तुम्ही माझ्या वाटेत बसलात. येणाजाणारे थांबून ऐकत होते, पण मला त्यांची पर्वा नव्हती. चाचा चहा आणायला म्हणून सरकले. मामाजी ऐकत राहिले. मग बाकावर हात थोपटून म्हणाले, "बस."

मी बसले नाही. ते बोलत राहिले. "बैलाची हमी देतो, कारन बैल म्या पाह्यला राह्यते. तू शिकशीन, हे म्या पाह्यलं हाय. पन दोन वर्सानं तू कोन असशीन, हे तुले तरी ठाऊक हाय काय? तुह्या मनात तिकडचं भरलं, काम भेटलं, कोनी चांगला मानूस भेटला, मंग? मंग तुले वाटन, मामाजीच्या नावाचा कागद हाय, म्हाताऱ्याचं वावर जाईन. त्या भेवानं तू परत येशीन. भेवानं परत आलेलं जनावर दावनीले उभं राह्यते, पोरी, पन चारा खात नाई. म्या पाह्यलेत. वावर गेलं तं जाऊ दे. तुह्या पायात दावं, आन् थेही माह्या सहीचं? थे म्या कसं बांधू?"

मी बसले. संताप कुठे गेला ते कळलं नाही, पण रडू मात्र आलं, आणि त्याचाच पुन्हा राग आला. मामाजींनी माझा हात धरला आणि वर दुपट्टा टाकला.

"किती?" ते म्हणाले. "किती वर्सानं येशीन? मनातून सांगजो. मले बरं वाटावं म्हनून नको."

मी त्यांची दोन बोटं धरली. त्यांनी हात झटकला आणि माझी तीन बोटं धरली. मला वाटलं चुकले. मी परत दोन धरली. त्यांनी परत तीन. चाळीस वर्षं घासाघीस करणारा तो माणूस मला स्वतःहून एक वर्ष वाढवून देत होता, आणि मी हट्टाने नाकारत होते. मला कुणाचे उपकार नको होते. मी दोन बोटं इतकी करकचून दाबली की त्यांनी मान डोलावली. सौदा ठरला. आजूबाजूला पाच-सहा माणसं गोळा झाली होती, पण त्यांना काय कळणार?

पावणेसहाला दहा मिनिटं असताना मामाजी त्या टेबलावर वाकले आणि आयुष्यातली पहिली सही केली. तिला सात मिनिटं लागली. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, तालुका, जिल्हा, एकही काना न सोडता. घामाने पेन निसटत होतं. अख्खं कार्यालय थांबलं होतं, कुलूप हातात घेतलेला शिपाईसुद्धा. सही झाल्यावर त्यांनी पोराला विचारलं, "आन् माह्या जबानीचं काय?"

"थे माह्यापाशी हाय, मामाजी," तो म्हणाला.

मी निघाले त्या दिवशी मामाजी मला स्टँडवर सोडायला आले, पण आशीर्वाद वगैरे काही नाही. माझ्या नव्या बुटांकडे पाहून "टाच घासन" एवढं म्हणाले, आणि ती खरोखरच घासली. मग विचारलं, जपानात लोक भेटले की काय करतात. मी सांगितलं, लांब उभं राहून वाकतात, हात देत नाहीत. ते हादरलेच. "हात देत नाईत? मंग सौदा कसा ठरते?" बोलून ठरतो, मी म्हटलं. "अरेरे," मामाजी म्हणाले आणि बस सुटेपर्यंत माझ्याकडे फार दयेने पाहत राहिले.

आता दोन वर्षं संपत आली. इथे खरंच कुणी कुणाचा हात धरत नाही. मला जपानी चांगलं येतं, कोरियन बऱ्यापैकी येतं, आणि गेल्या महिन्यात माझ्या प्राध्यापकांनी विचारलं, आणखी एक वर्ष थांबशील का. मला थांबायचं आहे. अगदी मनातून थांबायचं आहे. मुदतवाढ मिळते, फक्त जामीनदारांची संमती पुन्हा हवी. चाचांनी त्याच दिवशी उर्दू सही करून फोटो पाठवला. मामाजींकडून काही नाही. सहीचं मला काही वाटत नाही, एकदा केली आहे ती पुन्हाही करतील. मला फक्त विचारायचं होतं, की तुम्ही तीन देत होता तेव्हा मी घेतली नाहीत, आता मागितली तर शब्द मोडल्यासारखं होईल का.

आईने तिच्या फोनवरून त्यांना व्हिडिओ कॉल लावून दिला. मामाजी ओट्यावर होते. पहिल्यापेक्षा वाळलेले. म्हणाले, बाजार आता पहिल्यासारखा भरत नाही, ट्रॅक्टरला कोण दुपट्टा टाकतो. मागे आई, मामी, चाचा, शेजारच्या दोघी, सगळे फोनमध्ये डोकावत होते. मी माझं सगळं सांगितलं. मामाजींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी दुपट्टा घेतला, फोनसमोर धरला आणि त्याखाली हात घातला.

कापड हललं. थांबलं. परत हललं.

"मामाजी, मला दिसत नाही!" मी ओरडले. "दोन की तीन? तोंडाने सांगा ना!"

"भरल्या ओट्यावर सांगू काय?" ते चिडून म्हणाले. "सगळे पाहून राह्यले." आणि कापड पुन्हा हललं. माझा हात कधी पुढे झाला मला कळलं नाही. तो फोनच्या काचेला लागला तेव्हा कळलं. आईने विचारलं, "काय म्हनले गं मामा?" मला काय ठाऊक? भोवती उभ्या राहणाऱ्या पन्नास बघ्यांना त्यांनी जे चाळीस वर्षं कळू दिलं नाही, ते मला फोनवर कळणार होतं थोडंच? दोन दिवस मी नुसती धुमसत होते. एवढा साधा प्रश्न, हो किंवा नाही म्हणायला काय जातं माणसाचं?

तिसऱ्या दिवशी मी तिकीट काढलं. सुट्टीत पंधरा दिवस डोणगावला जाते आहे. आईला सांगितलं आहे की कागदांचं काम आहे. काम खरं म्हणजे एवढंच आहे. ओट्यावर त्यांच्याशेजारी बसायचं, दुपट्ट्याखाली हात घालायचा, आणि या वेळी मी विचारायचं, "किती?"